पालथं बिस्कीट

आधीच सांगून टाकतो, 'नॉर्मल' हा शब्द कुणी काढला की माझं डोकं फिरतं. दोन वर्षं लोकांनी तो इतका चघळलाय की नुसता चोथा राहिलाय. कधी होणार नॉर्मल, झालं का नॉर्मल, एकदा नॉर्मल झालं की मग बघ. काय बघ? साथीच्या आधी तुम्ही काय दिवे लावत होतात ते मी पाहिलंय. तेव्हाही असेच होतात. फक्त तोंडं उघडी होती.

मी बिस्किटांच्या कारखान्यात आहे, पॅकिंगच्या मशीनवर. मशीन उघडायला, जोडायला कुणी शिकवलं नाही, मोबाईलवर बघून बघून शिकलो. कॉलेजात दीड वर्ष गेलो होतो. पुढे मी कॉलेज सोडलं की कॉलेजने मला, यावर घरात अजून दोन मतं आहेत.

घरात आम्ही तिघं. काका, काकू आणि मी. आईवडील मी लहान असतानाच गेले, यांनीच वाढवलं. त्यावर जास्त लिहीत नाही. लिहिलं की लोक हळहळतात, आणि हळहळणारी माणसं मला सोसत नाहीत.

काका त्याच कारखान्यात चाखणारे. बावीस वर्षं. भट्टीतून घाणा निघाला की त्यातलं एक बिस्कीट काकांच्या टेबलावर येणार. काका ते कानाजवळ धरून मोडणार, आवाज ऐकणार. मग मोडलेली कड नाकाखाली. मग एक घास, डोळे मिटून. आणि मग उरलेला तुकडा बशीत ठेवणार. छापाची बाजू वर असली तर घाणा पास. पालथा ठेवला तर सगळा घाणा बाद, मग तो दोनशे किलोचा का असेना. काका तोंडाने काही सांगत नाहीत, आणि तुकडा बशीत पडेपर्यंत दुसऱ्यानेही बोलायचं नाही. मोठे मालक होते तेव्हा तेसुद्धा हाताची घडी घालून गप उभे राहायचे. एकदा काकांनी लागोपाठ तीन घाणे पालथे ठेवले. मोठ्या मालकांनी चकार शब्द काढला नाही. गोदामात जाऊन लोण्याचं पिंप उघडलं, तर खवट.

तर या काकांना साथीने दुसऱ्या लाटेत धरलं. बारा दिवस ताप. उतरला. अंगात ताकद आली, भूक आली, जिभेला गोड-खारट-कडू एवढं कळायला लागलं. वास तेवढा आला नाही. अकरा महिने झाले, नाही म्हणजे नाही.

कारखान्यात कुणाला पत्ता लागला नाही, कारण आमची भट्टीच बंद होती. साथीत आम्ही दुसऱ्यांचा माल नुसता पॅक करून द्यायचो. काकांना टेबल होतं, पगार अर्धा होता, समोर बशी रिकामी. रिकाम्या बशीला कसला आलाय वास.

मग एक दिवस मोबाईलवर निरोप आला. छोट्या मालकांचा. मोठे मालक पहिल्या लाटेत गेले, त्यानंतर हे. यांनी दोन वर्षं घरच्या गच्चीवरून कारखाना चालवला, फोनवर बोलताना मागे कुंड्या दिसायच्या. निरोप असा: 'येत्या सोमवारी भट्टी पेटणार. आपलं कुटुंब पुन्हा नॉर्मल आयुष्याकडे!' आणि खाली हसणाऱ्या बिस्किटाचं चित्र.

कुटुंब म्हणे. कुटुंबातल्या अकरा जणांना त्यांनी मधल्या काळात घरी पाठवलं होतं, तेव्हा बिस्कीट हसत होतं की रडत होतं ते काही कळलं नाही.

निरोपासोबत एक फॉर्मही होता. आजारानंतर काही त्रास उरलाय का. सातवा प्रश्न होता, वास किंवा चव यांत फरक पडलाय का. काकांनी मला भरायला सांगितला.

"सातव्याला काय लिहू?"

"आधीच्या सहांना काय लिहिलंस?"

"नाही."

"मग तसंच ओढ खालपर्यंत."

ओढलं. काय करणार होतो? चाखणाऱ्याला वास येत नाही म्हटल्यावर त्याला कोण ठेवतंय. पगाराचं एक वेळ जाऊ दे, मी कमावतो, काकू शिवणकाम करते. पण काका म्हणजे ते टेबल आणि ती बशी. भाजीवालासुद्धा काकांना टोमॅटो हुंगायला देतो. ते काढून घेतलं तर खाली काय उरतं ते अकरा महिने मी घरात बघतच होतो. हा माणूस सोफ्यावर बसून हातातला साबण हुंगायचा. तासन्तास.

त्यांची एक वेडी आशा होती. "भट्टी पेटली की येईल," म्हणायचे. "ती गरम हवा नाकात गेली पाहिजे. घरात बसून नाक गंजलंय नुसतं." मी हसायचो. तोंडावर नाही, पण हसायचो. अख्खं जग तेच म्हणत होतं ना, सुरू होऊ दे, मग आपोआप येईल. शाळा सुरू होऊ देत, अक्कल येईल. ऑफिस सुरू होऊ दे, कामात लक्ष येईल. भट्टी पेटू दे, नाक येईल.

काकूचा भट्टीवर विश्वास नव्हता. तिने स्वयंपाकघरात परीक्षा लावली. सहा वाट्या, त्यांवर फडकी, काकांचे डोळे तिच्या ओढणीने बांधलेले.

पहिली वाटी. काकांनी लांब श्वास घेतला. "कॉफी."

"व्हिनेगर," काकू म्हणाली.

दुसरी. "हे… हे लवंग. लवंगच."

"शाम्पू. अहो, तुम्ही ओळखताय की लॉटरी काढताय?"

"थांब जरा. गडबड करू नकोस."

"मागच्या महिन्यात दूध करपून कोळसा झालं. हा माणूस शेजारच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होता. माझी गडबड म्हणे."

सहापैकी एक बरोबर आलं, चिरलेला लसूण. तोही काकांनी डोळ्यांना झोंबला म्हणून ओळखला, हे त्यांनीच नंतर कबूल केलं. ओढणी सुटली. मग काकू माझ्याकडे वळली.

"तुझं नाक चालतंय ना रे?"

"चालतंय."

"घरात दोन नाकं आहेत. एक चालतंय, एक मानाचं आहे. काहीतरी जुळवा."

जुळवलं ते असं. भट्टीतून टेबलापर्यंत ट्रे आणायला कुणीतरी लागतंच, ते काम मी मॅनेजरकडून मागून घेतलं. ट्रे ठेवून मी काकांच्या समोर दोन पावलांवर उभा राहणार. वास घेऊन खूण करणार. खोकायचं असं आधी ठरलं होतं. काकू म्हणाली, "खोकलास तर कारखाना परत बंद करतील, आणि तुला पोत्यात घालून नेतील." मग ठरलं, घाणा चांगला असला तर मी मास्क वर ओढायचा. खराब असला तर चष्मा काढून पुसायचा. मास्कमुळे चष्म्यावर वाफ येतेच, दिवसातून पन्नासदा पुसतो, कुणाला शंका येणार नाही.

पण मास्कमधून वास कसा घेणार? काकूने रविवारी माझ्या मास्कला नाकाखाली, चुणीच्या आत, दोन बोटांची फट पाडली आणि कडा शिवून घेतल्या. इतकं सुबक काम तिने गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर केलं नसेल. साथ आटोपत आली आणि आमच्या घरात मास्कवर खरं काम सुरू झालं.

शनिवारचं सांगायचं राहिलं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

शनिवारी पांढऱ्या सूटमधली चार माणसं आली, पाठीवर टाक्या. कारखान्याची फवारणी. छोटे मालक स्वतः हजर, सोबत व्हिडिओवाला. भिंती, जिने, मशीन सगळं फवारून झालं. गोदामाची किल्ली माझ्याकडे होती, मी दार उघडून धरलं. आत मैद्याची नि साखरेची पोती, सोमवारच्या घाण्यासाठी तोंडं सोडून ठेवलेली. पांढऱ्या सूटवाल्याने लांबूनच जरासं मारलं. व्हिडिओवाला म्हणाला, धूर दिसला नाही. त्याने परत मारलं. मग छोटे मालक म्हणाले, मी फ्रेममध्ये येतो, परत घ्या. तिसऱ्यांदा असं मारलं की पोती दिसेनाशी झाली.

मी दार धरून उभा होतो. पोत्यांची तोंडं उघडी आहेत हे मला दिसत होतं. बोललो नाही. मनात म्हटलं, मला काय करायचंय, मी पॅकिंगचा. हे असं म्हणायची मला सवय आहे, आणि बहुतेक वेळा ती कामाला येते.

सोमवार. दारात फुगे. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर सॅनिटायझर आणि हातात एक फूल. फूल ओल्या हातात घेऊन सगळे बावळटासारखे उभे. छोट्या मालकांनी भाषण केलं. आपण लढलो, आपण जिंकलो. गच्चीवरून.

भट्टी पेटली. गरम हवा सुटली तसे काका आपलं काम सोडून भट्टीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. डोळे मिटून. छाती भरून श्वास घेतला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी लांबून बघत होतो. मग ते वळले आणि टेबलाशी येऊन बसले. चेहऱ्यावरून कळलं. आमच्याकडे येणारा रद्दीवाला तराजूत पाहून मान हलवतो, तशी त्यांनी स्वतःशीच मान हलवली.

आता टेबलापाशी कोण कोण होतं ते सांगतो. भट्टीवाले मामा, म्हणजे भट्टीचे मुख्य कारागीर, आवाज असा की भट्टीने घाबरावं. तपासणीवाली ताई, फाईल छातीशी धरून. मॅनेजर, ज्याला आम्ही 'बरोबर साहेब' म्हणतो, कारण मालकाचं वाक्य संपायच्या आत हा 'बरोबर' म्हणतो. घाण्याच्या रजिस्टरवर काकांसकट या चौघांच्या सह्या लागतात. रीत अशी की आधी काका चाखणार, मग बाकीचे एकेक बिस्कीट मोडून हुंगणार आणि सही करणार. काकांनी एकदा ठेवलं की बाकीच्यांच्या हुंगण्याला तसा काही अर्थ नसायचा.

छोट्या मालकांनी रीत बदलली. "काका शेवटी. म्हणजे व्हिडिओत मजा येईल. आणि चावायचं फक्त काकांनी. बाकीच्यांनी मास्क खाली, वास, मास्क वर. सुरक्षा महत्त्वाची."

"बरोबर," मॅनेजर म्हणाला.

मी ट्रे ठेवला. दोन पावलं मागे सरलो. फटीतून श्वास घेतला.

फिनाईल. साखर घातलेलं फिनाईल. दवाखान्याचा जिना नुकताच पुसलाय आणि त्यावर बसून कुणी बिस्कीट खातंय, असा वास.

पहिले मामा. बिस्कीट मोडलं, हुंगलं. "वा. लोणी बोलतंय नुसतं." सही.

मी म्हटलं, हे काय. परत श्वास घेतला. फिनाईलच.

मग ताई. घाईघाईने नाकाजवळ नेलं, लगेच दूर. "नेहमीसारखंच आहे. छान." सही.

मॅनेजरने बिस्कीट नाकाशी नेलं, नजर छोट्या मालकांवर. "बरोबर. तीच जुनी क्वालिटी." सही.

तीन माणसं चांगलं म्हणतायत. माझंच नाक गेलं की काय? पण नाही, वास समोर होता, डोळ्यांत पाणी आणणारा. म्हणजे ही माणसं खोटं बोलत होती, किंवा यांची नाकं मेली होती. आणि काकांनी माझी खूण बघायला मान वर केली होती.

त्या दोन-तीन क्षणांत मी काय विचार केला ते लपवत नाही. मी विचार केला, सगळे चांगलं म्हणत असताना एकटे काका खराब म्हणाले, तर सगळे काकांच्याच नाकाकडे बघतील. सातवा प्रश्न निघेल. त्यापेक्षा चौथी सही होऊन जाऊ दे. खातील लोक फिनाईल. त्यांनीच दोन वर्षं सगळ्याला फवारून ठेवलंय, आता खा.

मी मास्क वर ओढला.

काकांनी बिस्कीट कानाजवळ धरून मोडलं. कड नाकाखाली धरली, नेहमी धरतात तेवढाच वेळ. मग घास घेतला. डोळे मिटले. जबडा हलला, एकदा, दोनदा, आणि थांबला. बराच वेळ थांबला. व्हिडिओवाला जवळ सरकला.

काकांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी मास्क आणखी वर ओढला, पार चष्म्यात घुसेपर्यंत.

त्यांनी तुकडा बशीत ठेवला. पालथा.

"काका, उलटं पडलं बहुतेक," छोटे मालक हसून म्हणाले.

"पडलं नाही. ठेवलंय."

"अहो दादा," मामा म्हणाले, "पहिल्याच दिवशी कसलं खुसपट काढताय? वास बघा की काय सुटलाय."

"सुटला असेल."

"मी तपासलंय काका," ताई फाईलमागून म्हणाली. "काही नाही त्यात."

छोट्या मालकांचं हसू आता गेलं. "तिघांनी सही केलीय. तुम्हाला नेमका कसला वास येतोय?"

मी घाईने चष्मा काढला आणि शर्टाला पुसायला लागलो. उशिरा सुचलेलं शहाणपण. काकांनी माझ्याकडे न बघताच म्हटलं, "राहू दे रे ढापण्या. काच झिजेल."

मग ते उभे राहिले. टेबलाला हात टेकून, सावकाश.

"मला वास येत नाही. अकरा महिने झाले. फॉर्मवर खोटं लिहिलंय, तो दोष माझा. पण हे कडू आहे. मैद्यात नाहीतर साखरेत औषध उतरलंय. जीभ बधिर झालीय माझी. माल बाहेर पाठवू नका."

मला वाटलं आता कुणीतरी बोलेल. मामा बोलतील. एकोणीस वर्षं दोघं एका डब्यात जेवलेत. मामा भट्टीकडे बघत होते. ताई फाईलमधले कागद सारखे करत होती.

आणि मी. मला तर वास येत होता. मी आता नुसतं 'खरंय' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी चष्मा घातला.

छोट्या मालकांना हायसं वाटलं, हे मी शपथेवर सांगतो. "म्हणजे तुम्हाला वासच येत नाही. मग चवीचं काय घेऊन बसलात? आजारानंतर कडू लागतं लोकांना, मी वाचलंय. आराम करा तुम्ही, काका. तब्येत महत्त्वाची."

"बरोबर," मॅनेजर म्हणाला.

मग त्यांनी बशीतला तो तुकडा दोन बोटांनी उचलला, उलटला, छाप वर करून ठेवला. आणि बोटांना सॅनिटायझर लावलं. बावीस वर्षांत त्या तुकड्याला दुसऱ्या कुणाचा हात लागल्याचं मी ऐकलं नव्हतं.

घरी काकूला काही सांगावं लागलं नाही. काका वेळेआधी आले, हातात फूल. तिने फूल घेतलं, पेल्यात ठेवलं आणि भांडी घासायला लागली, घासलेलीच.

जेवताना काकांनी विचारलं, "तुला आला होता वास?"

"हो."

"कसला?"

"फिनाईलचा."

"मग मास्क वर का ओढलास?"

"तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी," काका म्हणाले. घास खाल्ला. पाणी प्यायले. "उद्यापासून माझ्यासाठी काही करत जाऊ नकोस."

बस, एवढंच. ओरडले असते तर मी चार शब्द ऐकवले असते. माझ्याकडे तयार होते.

माल गेला. नवव्या दिवशी परत यायला लागला. आधी दोन खोकी, मग हातगाडीभर, मग अख्खा टेम्पो. एका दुकानदाराने फोन करून विचारलं, हे खायचं आहे की याने लादी पुसायची, पाकिटावर नीट लिहिलेलं नाही. पॅकिंगच्या हॉलमध्ये परत आलेली खोकी छतापर्यंत गेली. दाराशी फुगे अजून होते, अर्धे चेपलेले.

आणि मग सुरू झाली मजा. मंगळवारी संध्याकाळी मामा घरी आले. सफरचंदं घेऊन. एवढा दणकट माणूस, खुर्चीच्या कडेवर बसला. इकडचं तिकडचं बोलून झालं.

"दादा, तुम्ही… औषध वगैरे काही घेताय का? नाकाचं?"

"कुणाला पाहिजे?" काकांनी विचारलं.

"आमच्या मेव्हण्याला. त्यालाही तसंच झालंय म्हणे."

"मेव्हण्याला म्हणावं, लोणी बोलतं तेव्हा ऐकू येतं का ते बघ."

मामा हसायला गेले आणि त्यांचा चेहराच वाकडा झाला. दोन्ही तळव्यांत तोंड घालून बसले. सात महिने, म्हणाले. भट्टी हाताने कळते, रंगाने कळते, पण वास नाही. बायकोलाही सांगितलं नाही. काकूने पाणी दिलं. मी आत निघून गेलो. मला त्यांची कीव येत नव्हती, आणि तसं दाखवायला जमलं नसतं.

ताईने काकूला फोन केला. तिचं निराळंच. तिला वास येतो, पण सगळ्याचा सारखाच, सडलेल्या कांद्याचा. बिस्कीट, साबण, उशी. म्हणून सगळ्यालाच ती छान म्हणते, भानगड नको. "नवऱ्याच्या शेजारी बसवत नाही काकू," म्हणाली.

"ते गं, साथीच्या आधीही बऱ्याच जणींचं होतं," काकूने सांगितलं.

राहिला मॅनेजर. त्याला मी हात धुताना गाठलं. म्हटलं, साहेब, तुम्हालाही वास येत नाही का? तो दुखावला. "मला? मला सगळं येतं. फिनाईल होतं ते. पण तू साहेबांचा चेहरा बघितलास ना तेव्हा?" माझं आणि त्याचं काम अगदी सारखंच होतं. त्याने छोट्या मालकांचा चेहरा पाहिला, मी काकांचा. हे डोक्यात आल्यावर मी नळ बंद करायचा विसरलो.

बुधवारी छोटे मालक स्वतः आमच्या घरी. गच्चीवरून थेट तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून. जुने दुकानदार माल घ्यायला तयार नव्हते. चाखणारे काका आहेत का, एवढंच विचारत होते.

"मला तेव्हाच शंका आली होती, काका," छोटे मालक म्हणाले. "आतून वाटत होतं."

काकूने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि बशीत दोन बिस्किटं. आमचीच, परत आलेल्या मालातली. त्यांनी हात लावला नाही.

"वास घ्यायचं मशीन येतंय," ते म्हणाले. "तीन महिन्यांत. तोपर्यंत तुम्ही या. आधीसारखं. नॉर्मल."

"आधीसारखं नाही," काका म्हणाले. "मी मोडीन, मी चावीन. वासाला दुसरं नाक लागेल. आणि रजिस्टरमध्ये सहीच्या शेजारी एक रकाना पाहिजे. वास येतो की येत नाही. रोज, प्रत्येकाने, आपल्या हाताने लिहायचं. येत नसलं तर नोकरी जायची नाही, हेही तिथेच छापा."

छोट्या मालकांनी मान्य केलं. टेम्पो परत येत असताना माणूस काहीही मान्य करतो.

सोमवारी पुन्हा भट्टी. नवा मैदा, नवी साखर. फुगे नाहीत, व्हिडिओवाला नाही. रजिस्टर टेबलावर. काकांनी पहिली ओळ लिहिली. सही, आणि शेजारी: नाही.

मामांनी पेन घेतलं. आमच्या घरी बसून रडलेले मामा. लिहिलं: येतो. काकांकडे बघितलं नाही.

ताई: येतो. मॅनेजर: येतो, त्याखाली रेघ.

वर छापलेलं होतं, नोकरी जाणार नाही. मोठ्या अक्षरांत. कुणाचा विश्वास बसला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही. पण किळस आली. या लोकांना नॉर्मल पाहिजे होतं ना. हे घ्या.

मग पेन माझ्याकडे आलं. वासाला दुसरं नाक म्हणून माझं नाव होतं. काकांनी ते कसं काय दिलं, त्यांनाच ठाऊक. त्या रात्रीच्या जेवणानंतर आम्ही धड बोललो नव्हतो. मी लिहिलं: येतो. 'येतो' लिहिणाऱ्या चौघांत फक्त मॅनेजरचं आणि माझं खरं होतं. फिनाईल आम्हा दोघांनाच आलं होतं, आणि आम्हीच दोघं ते गिळून बसलो होतो. त्यासाठी रकाना नव्हता.

काकांनी रजिस्टर वाचलं, चष्मा वर करून. "छान. नाकं ठणठणीत आहेत सगळ्यांची." बंद केलं. "ढापण्या, इकडे ये. मास्क काढ. काकूची फट नको."

मी मास्क काढला. त्यांनी बिस्कीट कानाशी धरून मोडलं आणि कड माझ्या नाकाखाली धरली. सगळे बघत होते. छोटे मालक हाताची घडी घालून, कुठे बघून शिकले कुणास ठाऊक. लोणी, साखर, व्हॅनिला. आणि सगळ्यांच्या खाली, अगदी जरासा, करपट. मामा माझ्याकडे बघत होते. पहिला घाणा. दोनशे किलो.

"बोल," काका म्हणाले.

"खालून करपलंय."

"खालून कुठे करपलंय?" मामांचा आवाज चढला. "एवढं तर नेहमी असतं."

काकांनी घास घेतला. डोळे मिटले. आठ वेळा जबडा हलला, मी मोजलं. मग त्यांनी तुकडा बशीत ठेवला.

पालथा. आणि हात मागे बांधून उभे राहिले, कोण उलटतंय ते बघत.